सॅम्पल फ्लॅटमधल्या भांडणांची वही

घरमालकीण सकाळी घर उघडायची तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली असायची. संध्याकाळी कुलूप लावायची तेव्हाही दहा वाजून दहाच. त्या घड्याळात सेल कुणी कधी घातलाच नव्हता. नळाला पाणी नव्हतं, टीव्ही म्हणजे आतून पोकळ खोकं होतं, टोपलीतली फळं मेणाची होती आणि कपाटातल्या जाड जाड पुस्तकांची पानं कोरी होती. बाकी घर मात्र दृष्ट लागण्यासारखं.

तिला घरमालकीण म्हणत ते थट्टेनं, हे वेगळं सांगायला नको. एका बिल्डर कंपनीत ती अकरा वर्षं सॅम्पल फ्लॅट सांभाळत होती. नवी इमारत उभी राहिली की त्यातला एक फ्लॅट सजवायचा आणि घर घ्यायला येणाऱ्यांना दाखवायचा, की बघा, तुमचंही असंच होईल. इमारत विकली गेली की सगळं सामान टेम्पोत घालून पुढच्या इमारतीत पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. अशी पाच घरं तिनं मांडली आणि मोडली होती. हे सहावं. आणि संध्याकाळी ती परत जायची ते भाड्याच्या दोन खोल्यांत. वरच्या मजल्यावरच्या, उतरत्या छपराच्या. तिचा नवरा इतका उंच की त्या दोन खोल्यांपैकी दीड खोलीत त्याला वाकूनच वावरावं लागायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

नवरा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, चारचौघांत तीही. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि तीस वर्षं छपराखाली वाकून वाकून पाठीला आलेला बाक. शिवणाचं मशीन छताच्या उतारापाशी ठेवलेलं, कारण दुसरीकडे ते मावतच नव्हतं. उजेड नेमका तिथेच सगळ्यात कमी. सुईत दोरा ओवायचा तर मास्तर उठून खिडकीशी जायचे, ओवून परत यायचे. दिवसातून वीस वेळा. त्याबद्दल कधी बोलायचे मात्र नाहीत.

सॅम्पल फ्लॅट सांभाळणं ही एक कलाच आहे, लोक समजतात तसं नुसतं फडकं मारणं नाही. ओट्यामागे दिसणार नाही अशी एक छोटी किटली असायची, त्यात ती सकाळी कॉफी उकळत ठेवायची. प्यायला नव्हे, वासाला. माणूस डोळ्यांनी घर बघतो पण घरात शिरतो नाकानं, असं तिचं म्हणणं. आतल्या खोल्यांना दारं बसवायची नाहीत, म्हणजे जागा मोकळी वाटते. पडदे जमिनीपर्यंत सोडायचे, म्हणजे भिंत उंच वाटते. आणि सगळ्यात मोठी खुबी सुताराकडची होती. सॅम्पल फ्लॅटमधलं सामान मुद्दाम आखूड करतात. सोफा आखूड, टेबल आखूड, खुर्च्या बुटक्या, पलंग पाच फुटांचा. सामान लहान म्हणजे खोली आपोआप मोठी.

सुरुवातीला तिला हे पटलं नव्हतं. साहेबांना तिनं तसं सांगितलंही होतं. साहेब म्हणाले होते, "आपण पलंग कुठे विकतो? आपण खोली विकतो." मग सवय झाली. आणि मग, खरं सांगायचं तर, ती ते पार विसरून गेली. अकरा वर्षं रोज पाच फुटांचा पलंग झटकला की पलंग तेवढाच असतो असं वाटायला लागतं. डोळा फसवायला शिकता शिकता तिचा स्वतःचाच डोळा फसला होता.

दुपारी दोन ते चार कुणी यायचं नाही. तेव्हा ती खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. ऊन फरशीवरून सरकत पलंगाच्या पायापर्यंत यायचं, पडदा जरासा फुगायचा आणि पुन्हा बसायचा. मग ते घर हळूहळू तिचं व्हायचं. कोऱ्या पुस्तकांत अक्षरं उमटायची. स्वयंपाकघरातल्या कोरड्या नळातून पाण्याचा आवाज यायचा, आणि आपण तो बंद करायला उठायचं की तसाच ऐकत बसायचं, यावर ती कितीतरी वेळ विचार करायची. पलंगावर मास्तर दुपारची झोप घेत असायचे, चांगले हातपाय पसरून. गंमत बघा, त्या स्वप्नात मास्तर त्या पलंगावर बरोब्बर मावायचे.

आता वहीचं सांगायला हवं, कारण सगळं त्या वहीवर येऊन थांबतं.

येणाऱ्या माणसाचं नाव, फोन, किती खोल्या हव्या, हे लिहायला कंपनीचं रजिस्टर होतं. घरमालकिणीची वही वेगळी. त्यात ती भांडणं मोजायची. एक भांडण, एक रेघ. झालं असं की अकरा वर्षांत हजारो जोडपी आली आणि गेली, त्यातून तिला एक गोष्ट उमगली होती. जी जोडपी "वा, काय छान आहे," म्हणत फिरतात, मेणाच्या सफरचंदाचंही कौतुक करतात, ती कधीही घर घेत नाहीत. घर घेणारे भांडतात. "तुझ्या आईचा पलंग इथे येणार नाही." "मग काय बाहेर जिन्यात टाकू?" असं सुरू झालं की समजायचं, यांनी मनातल्या मनात सामान हलवलं. ती लगेच ओट्याआड व्हायची आणि रेघ मारायची. पंधरा दिवसांत ते जोडपं चेक घेऊन हजर. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात; तिच्या मते ही एकच परीक्षा होती, नुसते पेपर दोन.

आणि ही भांडणं एका गोष्टीवर अवलंबून असायची: कर्जाच्या व्याजाच्या दरावर. तिला त्यातलं पहिल्यांदा काही कळत नव्हतं. वहीनं शिकवलं. दर खाली असला की घरात नुसता कल्ला. दर चढायला लागला की भांडणांचा आवाज हळूहळू खाली यायचा. गेली दोन वर्षं तो चढतच होता. तेच घर, तोच भाव, पण महिन्याचा हप्ता इतका फुगला की माणसं दारातूनच परत फिरली. येत ती थंडगार एसीत दहा मिनिटं बसायला. सोफ्यावर बसायची, गोड बोलायची, एकमेकांकडे बघून हसायची आणि जायची. काय करायचंय त्या गोडव्याला? चौदा महिने वहीत एक रेघ नव्हती.

कंपनीचे शेअरही तसेच घसरले. कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा साहेबांनी जुन्या माणसांना बक्षीस म्हणून थोडे थोडे शेअर दिले होते. घरमालकिणीलाही मिळाले. मास्तर त्यांना 'तुझं कागदी घर' म्हणायचे. घरं विकली जात नाहीत म्हटल्यावर घरं बांधणाऱ्यांचे शेअर घेतो कोण? दोन वर्षांत कागदी घराचा वरचा मजला गेला, मग खालचा गेला, आता नुसता जिना उरला होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट तिला अजून टोचायची. तेव्हा दर उतरला होता आणि शेअर चढत होते. ती म्हणाली, आणखी थोडे चढू देत, मग विकू आणि त्यातून घराची सुरुवातीची रक्कम भरू. शेअर दुप्पट झाले. पण दर उतरला म्हणून सगळं गावच घर घ्यायला धावलं होतं. बाहेर रांग लागली, साहेबांनी वर्षात तीनदा भाव वाढवला. ती बिचारी शेअरच्या पायऱ्या चढत होती आणि घर लिफ्टनं वर चाललं होतं. शेवटी तिला ते गाठता आलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन ती रडली होती, आणि मास्तर म्हणाले होते, "बघू."

मास्तरांचा हा 'बघू' म्हणजे घरातलं तिसरं माणूसच. घराचा विषय निघाला की तो पुढे येऊन बसायचा. बाकी ते दोघं पुष्कळ भांडायचे. मिठावरून, दोऱ्याच्या रिळांवरून, तिच्या भाच्याच्या लग्नाला कुठला शर्ट घालायचा यावरून. घरावरून कधी एक शब्द वाढला नाही. ती बोलायची, ते बघू म्हणायचे, की संपलं.

त्याला कारण होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. मास्तरांच्या वडिलांनी कर्ज काढून घर घेतलं होतं. हप्ता ठरला आणि सगळे खूश झाले. पण दर वरखाली होणारा होता, आणि तो नेमका वरच जात राहिला. वडील दिवसभर शिवायचे, मग आईनंही शिवायला घेतलं, तरी हप्ता त्यांच्या पुढेच. तिसऱ्या वर्षी घर सोडावं लागलं. बारा वर्षांचे मास्तर शिवणाच्या मशीनचं डोकं खांद्यावर घेऊन तीन जिने उतरले. शेजारी दारात उभे राहून बघत होते, कुणी काही बोललं नाही. हे त्यांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

तर त्या बुधवारी, चौदा महिन्यांनी, एक जोडपं आलं. बाई गरोदर, नवरा चष्मेवाला. दोघं गप्प गप्प फिरत होते आणि घरमालकीण मनात म्हणत होती, चला, आणखी दोन एसीवाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"फ्रिज इथे ठेवला तर दार उघडणार कसं?"

"उजवीकडे उघडणारा घेऊ."

"आपल्याकडे आहे तो काय फेकून द्यायचा? पैसे झाडाला लागलेत?"

मग ते फ्रिजवरून जे सुरू झालं ते नवऱ्याच्या बहिणीपर्यंत गेलं आणि अबोल्यापर्यंत येऊन थांबलं. घरमालकीण कॉफीच्या किटलीपाशी वही छातीशी धरून उभी होती. तिनं रेघ मारली.

गुरुवारी सकाळी आणखी दोन भांडणं. आणि दुपारी पेन्सिलवाला आला. हा माणूस शेअरची खरेदीविक्री करणाऱ्या एका कचेरीतला. दर तीन महिन्यांनी सगळ्या बिल्डरांच्या साइटवर हिंडायचा आणि कोणाची घरं खपतायत ते पेन्सिलीनं टिपून न्यायचा. साहेब त्याला रंगीत तक्ते दाखवायचे. तो ते बघायचा आणि जाता जाता घरमालकिणीकडे डोकावायचा. तिच्या वहीला मान देणारा तो जगातला एकटा माणूस.

"काय ताई, वही काय म्हणते?"

"झोपली होती. काल जागी झाली."

"किती?"

"काल एक, आज दोन. कालचं तर अबोल्यापर्यंत गेलं."

पेन्सिलवाल्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग म्हणाला, "दर चिमूटभर उतरलाय. चिमूटभरच, पण बाजाराला तेवढा वास पुरतो. लोक अजून घरं बघायला बाहेर पडत असतात, तोवर बाजार बिल्डरांचे शेअर वर नेऊन बसवतो. उद्याचं स्वप्न आजच पाहून मोकळा. कधी कधी तोंडावर पडतो, ते वेगळं. तुमच्याकडे आहेत ना थोडे? मग आता विकू नका. वर्षभर दम धरा."

तो गेला आणि घरमालकीण खिडकीशी बसली. ऊन रोजच्यासारखं फरशीवरून सरकत होतं, पण आज तिला घर दिसेना. कारण त्याच सकाळी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की इथली मोजकीच घरं उरलीत, आता पुढच्या इमारतीत सातवं घर मांडायचं. हा सॅम्पल फ्लॅट विकून टाकायचाय. कंपनीच्या माणसाला हवा असेल तर जुन्या भावात, आणि पहिली तीन वर्षं व्याजातला थोडा वाटा कंपनी उचलेल. मात्र शनिवारी संध्याकाळपर्यंत अर्ज हवा. सोमवारी नवे भाव लागणार.

खाली विक्रीच्या कचेरीत कोपऱ्यात घडीचं टेबल टाकून बँकेची एक मुलगी बसायची. घर आवडलं की कर्जाचं तिथेच बोलून घ्यायचं. सगळे तिला बँकवाली म्हणायचे, ती घरमालकिणीला मावशी म्हणायची. घरमालकिणीनं तिला पेन्सिलवाल्याचं बोलणं सांगितलं.

"मला काही त्यांच्यासारखं पुढचं दिसत नाही, मावशी," बँकवाली म्हणाली. "शेअर चढतीलही. पण ते चढतील ते कशानं? दर उतरला, हप्ता उतरला, काल ज्यांना परवडत नव्हतं ते आज रांगेत आले, म्हणूनच ना? आणि रांग लागली की तुमचे साहेब काय करणार?"

"भाव वाढवणार."

"मग झालं तर. शिवाय तुमचं वय. सत्तरीच्या आत कर्ज फिटलं पाहिजे हा आमचा नियम. आज बारा वर्षं मिळतायत. थांबलात की दर वर्षाला एक वर्ष कमी आणि हप्ता तेवढा जड. हे शेवटचंच वर्ष समजा."

बँकवालीनं कागदावर दोन रेघा काढल्या, एक वाकडीतिकडी आणि एक सरळ. "आणि नुसतं गोड गोड सांगत नाही. कंपनीची तीन वर्षं संपली की पुढचा भार तुमच्यावर. वरखाली होणारा दर घेतलात तर हप्ता असा नाचेल. हा दुसरा, न हलणारा. पहिल्या दिवसापासून थोडा महाग, पण शेवटपर्यंत तेवढाच. कुठलाही घ्या, एकट्या तुमच्या पगारावर बसत नाही. मास्तरांची कमाई धरावी लागेल. म्हणजे त्यांची सही हवी."

सही. शेअर विकायचे हे तिनं खुर्चीवरून उठण्याआधीच ठरवलं होतं; त्यात इतक्या वर्षांची बचत घातली की सुरुवातीची रक्कम जेमतेम भरत होती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी एकदा लागून झालं होतं. पण मास्तरांची सही कुठल्या बाजारात विकत मिळणार?

घरी गेल्यावर तिनं विषय काढला. "अहो, तो फ्लॅट आपल्याला जुन्या भावात देतायत."

मास्तर काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, "बघू."

ती एरवी चिडली असती. आज चिडली नाही. थोडा वेळ गेला, मग सहज आवाजात म्हणाली, "पडदे आखूड करायचेत तिथले. उद्या माप घ्यायला या." बघू हा घरासाठी होता, कामासाठी नव्हता. मास्तर म्हणाले, "किती वाजता?"

अकरा वर्षांत त्यांनी तिच्या एकाही घरात पाऊल टाकलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी आले, तेव्हा दारातून आत शिरताना त्यांनी सवयीनं मान खाली घातली. दार त्यांच्यापेक्षा चांगलं वीतभर उंच होतं. आत येऊनही ते तसेच उभे, खांदे पाडून.

"अहो, ताठ उभे राहा ना," ती म्हणाली. "इथे डोक्याला काही लागत नाही."

मास्तरांनी वर पाहिलं. मग हळूहळू, जणू खात्री नसल्यासारखे, ते सरळ झाले. पाठ पूर्ण सरळ झाली नाही, पण बरीच झाली. आपला नवरा एवढा उंच आहे हे ती विसरूनच गेली होती. लग्नात तिच्या मैत्रिणी तिला चिडवायच्या, की याच्या गळ्यात हार घालायला शिडी लागेल. तिला एकदम ते आठवलं आणि डोळे भरून आले. तिनं पडद्याकडे तोंड फिरवलं.

मास्तरांनी पडदे मोजले, खडूनं खुणा केल्या. मग पाठ दुखते म्हणून जरा पलंगावर टेकले आणि टेकता टेकता आडवे झाले. पोटऱ्यांपासून खालचे पाय पलंगाबाहेर.

मास्तर उठले. गळ्यातला टेप काढून पलंगावर धरला. मग सोफ्याला, मग टेबलाला, मग खुर्चीला. चाळीस वर्षं माणसं मोजलेला हात तो, त्याला काय वेळ लागतोय?

"पाच फूट," ते म्हणाले. "हे सगळंच एक माप आखूड शिवलंय. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे पाय कापूनच यावं लागेल. अकरा वर्षं तू हे लोकांना दाखवतेस?"

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. ती मुद्दाम खोटं बोलली असती तर एकवेळ सावरून घेता आलं असतं. ती विसरली होती. अकरा वर्षं ती नवऱ्याला त्या पलंगावर झोपवत होती आणि तो तिथे मावणार नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मला लाज वाटते त्याची. पलंग खोटा आहे. घड्याळ खोटं, नळ खोटे, सगळं खोटं. खोली तेवढी खरी आहे."

"ती मी मोजतो. धर हे टोक."

तिनं टेपचं टोक भिंतीशी धरलं. मास्तर गुडघ्यांवर बसून मागे सरकत गेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग आडवं. मग खिडकीची रुंदी, मग खिडकीची जमिनीपासूनची उंची. कुठलाही आकडा ते मोठ्यानं म्हणाले नाहीत. तिचं सगळं लक्ष त्यांच्या ओठांकडे होतं. आता बघू म्हणतील, आता म्हणतील, असं वाटत होतं.

"हप्ता कसला आहे?" त्यांनी जमिनीकडे बघतच विचारलं.

"दोन तऱ्हेचे आहेत. वरखाली होणारा आहे तो स्वस्त. दुसरा न हलणारा, तो थोडा महाग."

"न हलणारा म्हणजे किती वर्षं?"

"शेवटपर्यंत. बारा वर्षं तेवढाच. त्यातला थोडा वाटा पहिली तीन वर्षं कंपनी भरेल."

मास्तर टेप गुंडाळायचे थांबले. बराच वेळ ते गुडघ्यांवरच बसून राहिले. बाहेर कुठेतरी वाळूचा ट्रक रिकामा होत होता, त्याचा आवाज येत राहिला आणि थांबला. ते कुठे होते ते तिला कळत होतं. ते तीन जिने उतरत होते, मशीनचं डोकं खांद्यावर होतं, शेजारी दारात होते.

"एकदा कापड बेतलं की माप हलता कामा नये," ते शेवटी म्हणाले. "बाबांचं माप हलत होतं. त्यांचा काही दोष नव्हता."

हे वाक्य बोलायला त्यांना पंचेचाळीस वर्षं लागली होती. मग त्यांनी कानामागचा खडू काढला आणि फरशीवर एक लांब चौकोन आखला. पाच फुटी पलंग ओलांडून तो पुढे दीड फूट गेला.

"हा पलंग. खरा," ते म्हणाले. सरकत सरकत खिडकीशी गेले आणि तिथे दुसरा लहान चौकोन आखला. "आणि हे मशीन."

"तिथे नाही," ती म्हणाली.

"तिथेच."

"तिथे माझी खुर्ची आहे. दुपारी मी तिथे बसते."

"खुर्ची कुठेही बसते. मशीनला उजेड लागतो."

"इतकी वर्षं नाही लागला तो?"

"लागत होता. बोललो नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "तीस वर्षं त्या छपराखाली काळोखात बसलोय मी. सुई ओवायला उठतो, बसतो, उठतो, बसतो. आता एक खिडकी मिळतेय तर तिथे तुझी खुर्ची? काय करतेस खुर्चीत बसून?"

"स्वप्न बघते."

"ते आत बसून बघ."

"आत कुठे? आत तुमच्या बहिणीनं दिलेलं ते अजस्र कपाट येणार. त्याच्यासमोर बसून काय स्वप्न बघू? कपाटाचं?"

"कपाटाला हात लावायचा नाही. सागाचं आहे ते."

"मग मशीन स्वयंपाकघरात न्या."

"फोडणीच्या धुरात? लोकांचे शर्ट शिवतो मी."

दोघं कमरेवर हात ठेवून समोरासमोर उभे होते. ती काही तरी जबरदस्त बोलणार होती, शब्द ओठांवर आला होता, आणि तशीच थांबली. मग ओट्याआड गेली. किटलीमागून वही काढली, पेन काढलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप गेला होता, पण रेघ मारताना मात्र डोळ्यांपुढे नीट दिसेना.

मास्तर मागोमाग आले. भांडण अर्धवट टाकून गेलेलं त्यांना कधी खपायचं नाही. "मी बोलतोय आणि तू काय लिहितेस?"

तिनं वही त्यांच्यापुढे केली. बुधवारी एक, गुरुवारी दोन, शुक्रवारी एक. वहीचं त्यांना सगळं ठाऊक होतं. रोज जेवताना ऐकत आले होते, कुणी कशावरून भांडलं ते, आणि कुणी घर घेतलं ते. शुक्रवारच्या रेघेकडे ते बघत राहिले. शाई अजून ओली होती.

"आज कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला आणि हात पुढे केला.

"दे ते पेन. कुठे सही करायची ते दाखव. न हलणारा घ्यायचा, दुसरा नको. आणि मशीन खिडकीशीच."

तिनं पेन दिलं. कुलूप लावून दोघं बँकवालीच्या टेबलाकडे जिना उतरायला लागले, मास्तर पुढे, ती मागे. खुर्चीचं मात्र तिनं अजून सोडलं नव्हतं.